बडोद्याहून जर्मनीत संगीत शिकायला: वाद्य, आवाज आणि रियाज कसा सांभाळायचा

दांडिया बाजारातल्या जुन्या घरात पहाटे पाचला तानपुरा छेडून खर्ज लावला, तर शेजारचे फार तर कूस बदलतात. जर्मनीतल्या भाड्याच्या खोलीत त्याच वेळी तोच खर्ज लावला, तर पहिल्याच आठवड्यात घरमालकाचं पत्र येतं. परदेशी संगीत शिकायला जाणारी मुलं व्हिसा, फी आणि थंडी यांची तयारी नीट करतात. रोजचे तीन-चार तास कुठे आणि कधी गायचं-वाजवायचं, याची तयारी मात्र बहुतेकांची नसते, आणि पहिलं वर्ष तिथेच वाया जातं. म्हणून या लेखात कागदपत्रांपेक्षा रियाजाला जास्त जागा दिली आहे. उदाहरण जर्मनीचं घेतलं आहे, कारण तिथल्या सरकारी संगीत विद्यापीठांत शिक्षण तुलनेनं स्वस्त आहे. हवेचं, शेजाऱ्यांचं आणि वाद्यांचं जे सांगितलं आहे ते युरोपातल्या कुठल्याही थंड देशात लागू पडेल.

अर्जाचं वर्ष

तिथलं मुख्य सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. बहुतेक संगीत विद्यापीठांचे अर्ज मार्च-एप्रिलमध्ये बंद होतात, काहींचे त्याआधीच. प्रवेशपरीक्षा मे ते जुलैच्या दरम्यान असते. म्हणजे तयारी आदल्या वर्षीच्या गणपतीपासून धरायला हवी. भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला) लागतं, ही अट नोव्हेंबर २०२२ पासून आहे. ते हातात यायला वेळ लागतो, म्हणून पहिला अर्ज त्याचाच करा. जर्मन भाषेची पातळी प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं. बी१ किंवा बी२ (भाषेच्या मधल्या पातळ्या) ही सर्रास दिसणारी अट आहे, पण भाषेच्या परीक्षेपेक्षा तासाला बसून शिक्षकाचं बोलणं समजणं जास्त कठीण असतं, हे लक्षात ठेवून शिका.

आपल्याकडची मुलं प्रवेशपरीक्षेत अडतात ती गाण्यात नव्हे, लेखी आणि कानाच्या परीक्षेत. पियानोवर दोन स्वर एकदम वाजवून त्यांतलं अंतर विचारतात, चार मापांची धून तीन-चार वेळा ऐकवून ती पाच रेघांवर लिहायला सांगतात, अनोळखी ओळ समोर ठेवून लगेच गायला लावतात. भातखंडे लिपीत वाढलेल्या विद्यार्थ्याचा कान तयार असतो, पण डोळा आणि हात तयार नसतात. यावर एकच उपाय आहे: रोज अर्धा तास, सहा महिने. आपल्या पाठ असलेल्या सरगमगीतांपासून सुरुवात करा. भूपातलं एखादं सरगमगीत घ्या, सा म्हणजे मधला सी धरा आणि ते पाच रेघांवर उतरवा. मग तेच डी आणि एफ धरून लिहा. ओळखीची चाल असल्यामुळे चूक लगेच कळते. बहुतेक अभ्यासक्रमांत दुय्यम विषय म्हणून थोडा पियानोही वाजवावा लागतो. हार्मोनियमवर फिरलेल्या उजव्या हाताला तो परका वाटत नाही. डाव्या हाताचा सराव वेगळा करावा लागतो.

पट्टीची भाषाही बदलते. आपली काळी एक म्हणजे त्यांचा सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ, काळी पाच म्हणजे ए शार्प. तिथले वाद्यवृंद मधला ए ४४२ किंवा ४४३ हर्ट्झला लावतात, तर आपली हार्मोनियम साधारण ४४० ला असते. एकट्यानं गाताना हा फरक कळणारही नाही. त्यांच्या पियानोबरोबर तबला लावायचा असेल, तर फोनवरच्या तानपुऱ्याचा आकडा आधी बदलून घ्या, नाहीतर पूर्ण मैफल किंचित उतरलेली वाटत राहते आणि कारण सापडत नाही.

प्रेरणापत्रात आणि मुलाखतीत 'तुम्ही कुठून आलात' हे विचारतातच. बडोदेकराला इथे काही बढवून सांगावं लागत नाही. १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं मौलाबक्षांनी इथे गायनशाळा सुरू केली. त्यांचा नातू इनायत खाँ १९१० मध्ये अमेरिकेला गेला आणि पुढे युरोपभर आपलं संगीत घेऊन फिरला. १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही बडोद्यातच भरली. चार ओळी पुरेत, पण त्या लिहा. सूरसागर तलावाच्या काठावरच्या शाळेतून आपण येतो, याचं मोल तिथल्या परीक्षकाला कळतं.

प्रवेशपरीक्षेला प्रत्यक्ष जावं लागणार असेल, तर एक चूक हमखास होते. नुसता पर्यटनाचा शेंगेन व्हिसा घेऊन जायचं, पास व्हायचं आणि तिथेच विद्यार्थी परवाना मागायचा, असं जमत नाही. परत येऊन नव्यानं अर्ज करावा लागतो. गुजरात मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. परीक्षेची तारीख कळताच कुठल्या प्रकारचा व्हिसा हवा हे लेखी विचारून घ्या. पहिली फेरी चित्रफितीवर होत असेल, तर ती संधी सोडू नका.

पैसे

व्हिसासाठी बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ काढता येतात. हा आकडा अधूनमधून वाढतो, म्हणून भरण्याच्या दिवशी पुन्हा तपासा. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क आहे. श्टुटगार्ट, मानहाइम, फ्रायबर्ग, कार्लस्रूह ही सगळी त्याच राज्यात येतात. घरटी १८.३६ युरो महिना रेडिओ-टीव्हीचा कर असतो. तो माणशी नसून घरामागे असतो, म्हणून तिघं राहत असाल तर तिघांत वाटून घ्या.

विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते. संगीताच्या मुलांना यात एक खाच आहे. कार्यक्रमात वाजवून मानधन घेणं किंवा घरी शिकवणी घेणं हे तिथे नोकरीत धरत नाहीत, तो स्वतंत्र व्यवसाय ठरतो आणि त्याला परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. दिवाळीत एखादं मंडळ प्रेमानं बोलावतं, पाकीट देतं, आणि पुढे परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी प्रश्न निघतात. पहिल्या वर्षीच ही परवानगी मागून ठेवा.

वाद्य बांधणं

पहिल्या वर्षी मोठा भोपळ्याचा तानपुरा नेऊ नका, असं स्पष्टच सांगतो. राहण्याचं ठिकाण पक्कं नसतं, हवा नवी असते, आणि तडकलेला भोपळा तिथे कोणी सांधून देत नाही. फोनवरचा किंवा यांत्रिक तानपुरा, आणि हवाच असेल तर सपाट पेटीचा प्रवासी तानपुरा पुरे. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथून घेतलेला तानपुरा घरात असेल, तर तो दुसऱ्या वर्षी, खोली ठरल्यावर न्या. नेताना असं बांधा:

१. आठ दिवस आधी तारांची जाडी क्रमानं एका कागदावर लिहून घ्या, आणि पोलादी जोडीच्या व पितळी खर्जाच्या तारांचे दोन-दोन संच वेगळे ठेवा. तिथल्या दुकानात गिटारच्या तारा मिळतात, त्या लांबीला पुरत नाहीत.

२. तारा चार-पाच स्वर उतरवा. पूर्ण सैल करू नका, कारण ताण पूर्ण गेला की खुंट्या निसटतात, मणी सरकतात आणि तारांचा गुंता होतो. घोडीवरच्या (तारा टेकतात त्या पट्टीवरच्या) सुतांचे तुकडे काढून डबीत ठेवा.

३. तारा आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) यांच्यात, घोडीच्या दोन्ही बाजूंना, जुन्या सुती साडीची घडी सरकवा. तार तुटून उसळली तरी तबलीवर चरा पडत नाही.

४. भोपळ्याभोवती गोधडीचे दोन वेढे द्या आणि पेटीत तो चारही बाजूंनी दाबून बसतो ना, ते पाहा. पेटी हलवल्यावर आतून आवाज आला, तर अजून कापड भरा. भोपळा फुटतो तो बहुधा आतल्या आत आदळून.

५. पेटी फायबरचीच हवी. विमानकंपन्यांची सामानाची नेहमीची मर्यादा लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटिमीटर असते. तानपुरा ती ओलांडतो, म्हणून तिकिटाआधीच फोन करून मोठ्या सामानाची लेखी नोंद घ्या.

तबल्याचं सोपं आहे. तबला हातात, डग्गा कपड्यांच्या बॅगेत. दोन्ही मिळून सात किलोंच्या वर जातात आणि हातातल्या सामानाची मर्यादा बहुधा सातच असते. हातोडी मात्र मोठ्या बॅगेतच टाका. ती हत्यार म्हणून सुरक्षा तपासणीत काढून घेतात, आणि तिथे उतरल्यावर तबला लावायला काहीच उरत नाही. तोंडाचा व्यास मोजून त्या मापाच्या दोन जास्तीच्या पुड्या (तोंडावरची कातडी) घ्या, थोडी वादी (ती ताणणारी कातडी पट्टी) आणि एक चुंबळही (तबल्याखालचं कडं).

हस्तिदंताची नक्षी किंवा सांबरशिंगाची घोडी असलेलं जुनं वाद्य नेऊ नका. वन्यजीव कायद्यात ते अडतं आणि वाद्यच जप्त होऊ शकतं. घोडी आधी बदलून घ्या, जुनी घरी जपून ठेवा. शिसवीबद्दल मात्र उगाच घाबरू नका. २०१७ मध्ये तिच्यावर आंतरराष्ट्रीय बंधन आलं होतं, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं त्यातून वगळली आहेत. बिल, फोटो आणि लाकडाचं नाव एका कागदावर असू द्या. वाद्य महाग असेल तर अहमदाबाद किंवा मुंबईच्या विमानतळावर निघतानाच कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. परत येताना त्याच वाद्यावर शुल्क मागितलं, तर ते उपयोगी पडतं.

तिथली हवा

बडोद्याचा पावसाळा आपण ओळखतो: पुडी उतरते, खुंट्या फुगून घट्ट बसतात. तिथल्या हिवाळ्यात नेमकं उलट होतं, आणि ते का होतं हे एकदा समजलं की निम्मे घोटाळे टळतात. बाहेर शून्य अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली, तरी त्या थंड हवेत घनमीटरला जेमतेम ४ ग्रॅम पाणी असतं. तीच हवा खोलीत येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिला १८ ग्रॅम पाणी धरता येतं. चार भागिले अठरा, म्हणजे खोलीतली आर्द्रता २२ टक्क्यांच्या आसपास. वाद्यांना ४५ ते ५५ टक्के मानवते.

उपाय म्हणून हीटरवर पाण्याची वाटी ठेवतात. हिशोब करून पाहा. पंधरा चौरस मीटरच्या खोलीत सुमारे ३७ घनमीटर हवा असते. ती २२ वरून ४५ टक्क्यांवर न्यायला दीडशे ग्रॅम पाणी लागतं, आणि फटींतून हवा दर दोन तासांनी बदलत असेल तर दिवसाला जवळजवळ पावणेदोन लिटर. वाटी पुरत नाही. खोली ओलसर करण्यापेक्षा पेटी ओलसर ठेवणं सोपं. गिटारवाल्यांच्या दुकानात ठरावीक आर्द्रता राखणाऱ्या पुड्या मिळतात, साधारण ४९ टक्क्यांच्या. त्या बंद पेटीत दोन ठेवा. त्या नसतील, तर साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओलसर, पण न ठिबकणारा स्पंज घाला. लाकडाला तो टेकू देऊ नका. पहिल्या महिन्यातच एक आर्द्रतामापक घ्या, दहा-पंधरा युरोत येतो. तो पेटीत ठेवा, भिंतीवर नको. कपडे खोलीत वाळवले की आर्द्रता थोडी वाढते, पण साठ टक्क्यांच्या वर गेली तर थंड भिंतीवर बुरशी धरते. म्हणून दिवसातून दोनदा खिडकी सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्या. त्या वेळी वाद्य पेटीत बंद असू द्या.

तबल्यावर कोरड्या हवेचा परिणाम आधी ऐकू येतो. काल काळी एकला लावलेला तबला आज चढलेला असतो. घाईनं हातोडी घेऊ नका. आधी चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, सोळाही घरं वाजवून ऐका, कारण सगळी सारखी चढत नाहीत. मग गजऱ्याला, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या वेढ्याला, खालून वर हलके ठोके द्या: एका घराला, त्याच्या समोरच्या घराला, मग काटकोनातल्या दोन घरांना. एकाच बाजूनं गोल फिरलात तर पुडी तिरकी बसते आणि शाई (मधला काळा गोल) मध्यावरून सरकल्यासारखी वाजते. तरीही चढा राहिला, तर वादीखालचे आठही लाकडी गठ्ठे एकेक बोट वर घ्या. डग्ग्याच्या मैदानावर (शाईबाहेरच्या मोकळ्या कातड्यावर) ओलसर तळहात फिरवला की तो थोडा उतरतो. शाईला मात्र पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. वाद्य हीटरपासून दोन मीटर लांब ठेवा. जमिनीखालून तापणारी खोली असेल, तर स्टुलावर. उन्हात किंवा उष्णतेत शाईला आधी केसाएवढ्या भेगा पडतात, मग टिकल्या निघतात, आणि 'ती'चा आवाज कागदासारखा येऊ लागतो.

बाहेरून गोठलेली पेटी घेऊन आलात तर ती लगेच उघडू नका. चष्म्यावर जसं धुकं धरतं, तसंच थंड लाकडावर आणि कातड्यावर पाणी धरतं. तासभर पेटी तशीच राहू द्या. तानपुऱ्याच्या खुंट्या आकसून फिरायला लागल्या, तर खडूची किंचित पूड लावा आणि फिरवताना आत दाबत फिरवा.

भिंती आणि शेजारी

पत्ता मिळाल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंदणी करायची असते, विमा आणि बँक त्यानंतर. ही कामं सगळेच सांगतात. त्याआधी, भाडेकरारावर सही करतानाच एक गोष्ट करा: आपण काय आणि किती तास वाजवतो ते घरमालकाला लेखी कळवा आणि लेखी उत्तर घ्या. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता असते. कित्येक इमारतींच्या नियमावलीत दुपारी एक ते तीनही असते. रविवार आणि सणाचे दिवस जास्त कडक.

तरीही संगीतावर सरसकट बंदी घालता येत नाही. आउग्सबुर्गच्या एका ट्रम्पेटवादकाच्या खटल्यात जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २६ ऑक्टोबर २०१८ ला सांगितलं की कामाच्या दिवशी दोन ते तीन तास आणि सुटीच्या दिवशी एक ते दोन तास, शांततेच्या वेळा सोडून, हे ढोबळमानानं धरावं. भांडणात वापरायला नको, पण आपल्या दिवसाची आखणी करायला हा आकडा चांगला आहे. घरातला रियाज दोन तासांत बसवा, बाकीचा विद्यापीठात.

तबल्याचा त्रास खालच्या मजल्यावरच्यांना होतो, कारण डग्ग्याचा घुमारा जमिनीतून उतरतो. नुसती सतरंजी पुरत नाही. खाली जाड रबरी चटई, तिच्यावर लाकडी फळी, तिच्यावर दुमडलेली गोधडी आणि मग चुंबळी, असा थर करा. बोलांचा हात बसवताना पुडीवर पातळ रुमाल टाका. नाद जातो, पण बोटांची शिस्त राहते. शेजाऱ्यांना आल्या आल्या भेटा, नाव सांगा, फोन नंबर द्या आणि 'त्रास झाला तर मला सांगा' म्हणा. ज्या मुलाचा चेहरा ओळखीचा असतो, त्याच्याविरुद्ध चिठ्ठी लिहायच्या आधी माणसं दार वाजवतात.

दिवसाची घडी

विद्यापीठातल्या रियाजाच्या खोल्या दुपारी मिळत नाहीत. सकाळी सातला इमारत उघडते तेव्हा त्या रिकाम्या असतात. आपल्या पहाटेच्या सवयीचा तिथे खरा फायदा होतो. घरी उठल्यावर ओठ मिटून, मध्य षड्जापासून खाली, वीस मिनिटं नुसता हुंकार. तो भिंतीपलीकडे जात नाही. मग सातला खोली गाठून मोकळ्या आवाजात. बऱ्याच ठिकाणी खोली सोडून पंधरा-वीस मिनिटं गेलात तर दुसरा तिथे बसू शकतो, म्हणून पाणी आणि डबा सोबत ठेवा. थंडीत सायकल मारत आल्या आल्या तार षड्जाला हात घालू नका. दहा मिनिटं बसा, कोमट पाणी प्या, मग खर्ज.

रागाच्या वेळेला घड्याळ चालत नाही, सूर्य बघावा लागतो. बर्लिनला डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो, जूनमध्ये साडेनऊनंतर. बडोद्यात हाच फरक सहा ते साडेसात एवढाच असतो. मारवा किंवा पूरिया संधिप्रकाशातच म्हणायचा असेल, तर हिवाळ्यात तो दुपारच्या तासाला लागून येतो आणि उन्हाळ्यात शांततेच्या वेळेच्या उंबरठ्यावर. उन्हाळ्यात नदीकाठ गाठणं उत्तम.

गुरुजींकडून तालीम चालू ठेवायची, तर वेळ बडोद्याची रात्री नऊ ठेवा. हिवाळ्यात तिथे साडेचार वाजलेले असतात, उन्हाळ्यात साडेपाच. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ तासानं सरकतं. त्या आठवड्यात गुरुजींना ताटकळत ठेवू नका, आदल्या दिवशी कळवा. झूमवर 'ओरिजिनल साउंड' चालू करायलाच हवा. नाहीतर तानपुऱ्याचा सलग नाद पंख्याचा आवाज समजून ते पुसून टाकतं आणि गुरुजींना कोरडा, तुटक गळा ऐकू येतो. तानपुरा दोघांनी आपापल्याकडे लावा, तुम्ही तारेचे हेडफोन वापरा. ठेका तिकडून घेऊन इकडे गाणं शक्य नाही. मात्रा अर्ध्या सेकंदाची असताना पाव सेकंद उशीर झाला, की समेवर अर्धी मात्रा चुकते. गुरुजींकडून ठेका किंवा लेहरा ध्वनिमुद्रित करून मागवा आणि त्यावर रियाज करून आपलं गाणं परत पाठवा.

स्वयंपाकाचं थोडक्यात. युरोपात भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून आईनं कितीही आग्रह केला तरी कढवलेलं तूप आणि पेढे राहू द्या. ताजा कढीपत्ताही नको. मेतकूट, गोडा मसाला, भाकरवडी, कुकर न्या. मिरचीची फोडणी देताना खोलीचं दार लावा, स्वयंपाकघराची खिडकी उघडा. धुराचा भोंगा वाजून अख्खं वसतिगृह रस्त्यावर उभं राहतं, आणि मिरचीच्या ठसक्यानं तुमचा गळाही दोन दिवस बसतो.

जुलैत सुट्टीला घरी येताना वाद्य आणलंत, तर सगळं उलट होईल. सुकून आकसलेल्या खुंट्या बडोद्याच्या दमट हवेत चार दिवसांत अडकून बसतात. म्हणून उतरल्यावर तारा सैल ठेवा, रोज प्रत्येक खुंटी पाव फेरा फिरवा, आणि तबल्याचे वर घेतलेले गठ्ठे एकदम खाली ठोकू नका. पुडीला हवा ओळखायला आठवडाभर द्या, मग लावायला बसा.